प्रश्न वाचकांचे : लुटलेल्या खाणी, रिकामी तिजोरी आणि तिसरा खेळाडू

गेल्या अंकात आम्ही संगणकावर अनेकांनी मिळून खेळायच्या, टर्न घेत पुढे सरकणाऱ्या रणनीतीच्या खेळांविषयी प्रश्न मागवले होते. कोणती फौज भारी, कोणता राजा निवडावा, अशी विचारणा होईल अशी आमची अटकळ होती. प्रत्यक्षात कोल्हापूर शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख लढाईपेक्षा लढाई संपल्यानंतरच्या दिवसांकडे आहे. हे खेळ ज्यांना ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, यात प्रत्येक खेळाडूचे एक राज्य असते. शहरे वसवायची, शेते आणि खाणी काढायच्या, विद्या वाढवायची, फौज पोसायची आणि वेळ आलीच तर शेजाऱ्याशी लढायचे. या प्रकारात सर्वाधिक परिचित असलेल्या ‘सिव्हिलायझेशन’ मालिकेची सुरुवात १९९१ मध्ये झाली आणि तिचा सहावा खेळ २०१६ मध्ये आला. आलेल्या पत्रांपैकी बरीच या सहाव्या खेळाविषयीच असल्यामुळे, वेगळा उल्लेख नसेल तेथे उत्तरेही त्याच्याच नियमांना धरून दिली आहेत.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र दर शनिवारी रात्री एकत्र खेळतो. मागच्या डावात मी शेजारच्या मित्राची दोन शहरे जिंकली आणि तिसऱ्या शहरासाठी आणखी वीस-पंचवीस टर्न लढत राहिलो. ते मिळाले नाही. नंतर पाहतो तर ज्याने डावात एकही लढाई केली नव्हती तो मित्र विज्ञानात आम्हा दोघांच्या कितीतरी पुढे निघून गेला होता. लढाई जिंकूनही मी डाव कसा हरलो? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : आपण शेजाऱ्याशी लढलात, पण डाव तिसऱ्याशी हरलात. दोघांच्याच डावात शत्रूचे शंभराचे नुकसान करताना स्वतःचे ऐंशीचे झाले तरी तो सौदा फायद्याचा ठरतो. चौघांच्या डावात मात्र त्याच लढाईने आपण ऐंशीने आणि शेजारी शंभराने मागे पडतो, तर उरलेले दोघे जागेवर बसून दोघांच्याही पुढे जातात. पत्र वाचताना आम्हाला वाटले की आपण रणांगणाचा हिशेब चोख ठेवला होता, पण हा दुसरा हिशेब कधी मांडलाच नाही.

तो आता मांडून पाहू. समजा, आपण ९० उत्पादनाची (उत्पादन म्हणजे शहराच्या कामाचे माप) एक अशा आठ तुकड्या काढल्या, तर ७२० उत्पादन फौजेत गेले. नवे शहर वसवणारा पहिला सेटलर ८० उत्पादनाला मिळतो आणि त्यानंतरचा प्रत्येक महाग होत जातो. ती वाढ धरूनही तेवढ्या उत्पादनात चार सेटलर निघाले असते, म्हणजे मोकळी जमीन शिल्लक होती असे गृहीत धरले तर बिनरक्ताची चार शहरे. आपल्याला दोन मिळाली आणि तीही धड अवस्थेत नव्हेत. या खेळात जिंकलेले शहर जोवर तहात रीतसर आपल्या नावावर होत नाही तोवर ते ‘व्याप्त’ मानले जाते, त्याची लोकसंख्या वाढत नाही आणि उत्पन्नही कमी येते. २०१८ च्या पुरवणीपासून (मूळ खेळाला नंतर जोडलेल्या भागापासून) निष्ठेचा नियमही आला आहे, त्यामुळे शत्रूची मोठी शहरे जवळ असली की जिंकलेले गाव त्यांच्याकडे ओढले जाते. त्यातच परक्या मुलखात लढले की प्रजेला युद्धाचा शीण अधिक येतो आणि तो आपल्या घरच्या शहरांतील समाधान खाऊन टाकतो.

म्हणून आमच्या मते दोन शहरे घेण्यात आपली चूक झाली नव्हती. चूक झाली ती घेतल्यावर तह न करण्यात. तिसऱ्या शहरासाठी झगडलेल्या वीस-पंचवीस टर्नमध्ये पहिली दोन शहरे गोठून राहिली, आणि तुमच्या त्या शांत मित्राला तेवढेच टर्न फुकट मिळाले. पुढच्या वेळी युद्ध पुकारण्यापूर्वी तह कोणत्या टर्नपर्यंत करायचा ते कागदावर लिहून ठेवा आणि त्या टर्नला जे हातात असेल त्यावर थांबा. लढाईच्या भरात हा आकडा पुढे ढकलण्याचा मोह होतोच, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

प्रश्न : शेजाऱ्याने माझ्या राजधानीभोवतीच्या चारही खाणी लुटल्या आणि एक बिल्डर (शेते-खाणी काढणारा कामगार) पकडून नेला. दुसरा मित्र मदतीला आल्यामुळे तो मागे हटला आणि शहर वाचले. तो पुन्हा येईल या भीतीने मी लगेच घोडदळ काढायला घेतले. तो परत आला नाही, पण त्या डावात मी पुन्हा उभा राहू शकलो नाही. घोडदळ काढणे चुकीचे होते का? – एक वाचक, शिवाजी उद्यमनगर

उत्तर : घोडदळ काढणे चुकीचे नव्हते, पण ते आधी काढणे चुकीचे होते. आपण यंत्रांच्या वस्तीत राहता, त्यामुळे हे आपल्याला आकड्यांनीच सांगतो.

समजा, युद्धापूर्वी शहराचे उत्पादन दर टर्नला २४ होते आणि त्यातले निम्मे चार खाणींतून, प्रत्येकी ३ प्रमाणे येत होते. खाणी लुटल्यावर १२ उरले. घोडदळाची तुकडी १८० ची आहे असे धरू. बिल्डरची मूळ किंमत ५० असते आणि आजवर काढलेल्या प्रत्येक बिल्डरमागे ती ४ ने वाढते, म्हणजे आपण आधी दहा काढले असतील तर पुढचा ९० ला पडेल. लुटलेली खाण दुरुस्त करताना बिल्डरला करता येणाऱ्या ठराविक कामांपैकी एकही खर्च होत नाही, ही गोष्ट पुष्कळ खेळाडूंना ठाऊकच नसते. त्यामुळे चार खाणींना एकच बिल्डर पुरतो. फक्त खाणी डोंगरावर असतात आणि चढण्यात एक टर्न जातो, म्हणून एका खाणीला दोन टर्न धरू.

आपण केले तसे, म्हणजे आधी घोडदळ काढले, तर पहिली तुकडी पंधराव्या टर्नला आणि दुसरी तिसाव्या टर्नला उभी राहते, आणि तेव्हाही शहर १२ वरच अडकलेले असते. आधी बिल्डर काढला तर तो आठव्या टर्नला तयार होतो, सोळाव्या टर्नला चारही खाणी चालू झालेल्या असतात, पहिली तुकडी अठराव्या टर्नला मिळते आणि दुसरी पंचविसाव्या टर्नला. पहिल्या तुकडीसाठी तीन टर्न अधिक थांबावे लागले, पण दुसरी पाच टर्न आधी आली आणि शहर पूर्ववत झाले. आता तिसरा मार्ग पाहा. या खेळात एका उत्पादनामागे चार मोहरा मोजून वस्तू थेट विकत घेता येते. तिजोरीत ३६० मोहरा असतील तर बिल्डर पहिल्याच टर्नला मिळतो, आठव्या टर्नला खाणी पूर्ण होतात, पहिली तुकडी दहाव्या टर्नला आणि दुसरी सतराव्या टर्नला उभी राहते. शेजारी परत येण्याच्या भीतीवरचा उपायही हाच होता, कारण घोडदळाची निकड असलेल्या माणसाला सर्वांत लवकर घोडदळ याच मार्गाने मिळते.

म्हणून आम्ही प्रत्येक नवख्या खेळाडूला सांगतो की युद्ध सुरू करताना किंवा अंगावर येताना दिसताच एका बिल्डरच्या किमतीएवढी रक्कम बाजूला काढावी आणि कितीही मोह झाला तरी तिला हात लावू नये. एका डावात (तो ‘सिव्हिलायझेशन ५’ होता) आम्ही शेवटची मोहर भाला घेतलेल्या सैनिकांवर उधळली आणि तिजोरी शून्याखाली गेली. त्या खेळात तूट आधी विज्ञानातून वजा होते आणि नंतर तुकड्या आपोआप बरखास्त होऊ लागतात, त्यामुळे विकत घेतलेले भालाईत शत्रूने मारण्याऐवजी आमच्याच कारकुनाने घरी पाठवले.

याला अपवाद एकच. शत्रू अजून दोन-तीन टर्नच्या अंतरावर रेंगाळत असेल तर बिल्डर बाहेर काढू नका, तोही पकडला जाईल. अशा वेळी तटाच्या आत एक धनुर्धारी ठेवून वाट पाहणे बरे. पडलेला तट दुरुस्त करण्याची मुभाही हल्ले थांबून काही टर्न गेल्यावरच मिळते, म्हणून शत्रू मागे हटल्यापासूनचे टर्न मोजत राहा.

खाणींनंतर शेते, आणि मगच इमारती. प्रत्येक नागरिक दर टर्नला दोन अन्न खातो. अन्न कमी पडले की माणसे खाणीवरून उठवून शेतावर बसवावी लागतात आणि दुरुस्त केलेली खाण रिकामी पडते. लुटलेल्या बाजारपेठा किंवा विद्यालये तशीच टाकून नवे काही बांधायला घेण्याची खोड आम्ही अनेकांत पाहिली आहे. आपल्या भागातला कोणताही ऊसकरी त्यांना वेड्यात काढेल. लावणीचा ऊस तुटल्यावर बुडखे उपटून पुन्हा नांगरट आणि बेणे यांवर खर्च करण्यापूर्वी तो खोडवा राखण्याचा विचार करतोच, कारण मुळे जमिनीत शाबूत असतात. लुटलेली इमारतही मुळासकट गेलेली नसते आणि नवीन बांधण्याच्या मानाने तिची दुरुस्ती फार थोड्या उत्पादनात होते.

हा क्रम खेळ बनवणाऱ्यांनी शोधलेला नाही. शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पाठवलेल्या पत्रात आज्ञा केली आहे की ज्या कुणब्याजवळ माणूसबळ आहे पण बैल, नांगर आणि पोटाला धान्य नाही, त्याला बैलजोडीसाठी पैसे द्यावेत, खंडी-दोन खंडी धान्य द्यावे, आणि ते वसूल करताना वाढीदिडी न लावता मुद्दलच, तेही त्याला ऐपत येईल तसतसे घ्यावे. त्या वेळी दक्षिणेची मोठी मोहीम दाराशी आली होती आणि तोफा-घोड्यांना पैसा लागतच होता, तरीही हा खर्च थांबला नाही. खेळात बैलजोडीच्या जागी बिल्डर आहे, एवढाच फरक.

प्रश्न : शत्रूचे शहर घ्यावे की नुसते भोवतालचे लुटून परत यावे? – एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, गडहिंग्लज

उत्तर : शहर राखण्याची तयारी नसेल तर लुटून परत यावे. शेत लुटले की तुकडीच्या जखमा भरतात, खाण लुटली की विज्ञान मिळते, आणि शत्रूचे काय होते ते वरच्या उत्तरात आलेच आहे. वेगवान घोडदळ या कामाला उत्तम. ‘सिव्हिलायझेशन ५’ खेळत असाल तर आणखी सावध राहा. तेथे जिंकताच शहराची साधारण निम्मी लोकसंख्या नाहीशी होते, काही टर्न प्रतिकार चालू राहिल्यामुळे शहर काहीच उत्पन्न देत नाही, आणि शेवटच्या पुरवणीनंतर नेहमीच्या नकाशावर प्रत्येक जादा शहरामागे प्रत्येक विद्येची किंमत पाच टक्क्यांनी वाढते. छोटेसे ओसाड गाव जिंकून आपण सबंध राज्याचे विज्ञान महाग करून घेतो.

प्रश्न : आमचा एक मित्र पुण्यात असतो आणि त्याचे इंटरनेट वेगवान आहे. टर्न सुरू होताच तो सर्वांच्या आधी हल्ला करतो आणि आमची फौज हलण्यापूर्वीच अर्धी होते. हे न्याय्य आहे का? शिवाय माझा संगणक जुना आहे, त्यावर चालेल असा एखादा खेळ सुचवावा. – एक वाचक, कागल

उत्तर : न्याय्य नाही, पण त्यात मित्राचाही दोष नाही, कारण सर्वांचे टर्न एकाच वेळी चालू ठेवले की असेच होणार. डाव सुरू करताना टर्नच्या पर्यायांत शांततेत सर्वांनी एकत्र आणि युद्धात असलेल्यांनी आळीपाळीने खेळायची जी सोय आहे ती निवडा. डाव थोडा लांबतो, पण हाताची चपळाई हा निकष उरत नाही.

जुन्या संगणकासाठी फ्रीसिव्ह घ्यावा. डेन्मार्कमधील ऑर्हुस विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांनी सुरू केलेला हा खेळ १९९६ पासून विनामूल्य उपलब्ध आहे आणि त्याचा सोर्स कोडही सर्वांना खुला आहे. त्यातील लांबणीचे डाव आपल्यासारख्या नोकरदारांना विशेष सोयीचे, कारण तेथे एक टर्न सबंध २३ तास चालतो. चोवीसऐवजी तेवीस ठेवण्यामागे युक्ती अशी की टर्न बदलण्याची वेळ रोज तासाभराने आधी येते आणि कोणत्याही देशातल्या खेळाडूला कायम पहाटे उठावे लागत नाही. टर्न संपता संपता हल्ला करून नवा टर्न लागताच पुन्हा हल्ला करण्याची लबाडीही तेथे रोखता येते. एकदा हललेल्या तुकडीला ठरावीक तास उलटल्याखेरीज पुन्हा हलता येणार नाही, असा नियम लावण्याची सोय त्यात आहे. एक मात्र लक्षात ठेवा. फ्रीसिव्हच्या मूळ नियमांत प्रत्येक तुकडीचा खर्च तिच्या मायशहराच्या (ज्या शहराच्या नावावर ती आहे त्याच्या) उत्पादनातून जातो आणि ते शहर पडले तर त्याच्या तुकड्याही जाऊ शकतात. सगळी फौज एकाच शहराच्या गळ्यात बांधू नका.

प्रश्न : मी लढाई हरलो आहे. शेजारी तहासाठी दोन शहरे आणि पाचशे मोहरा मागतो. डाव सोडून देणे चांगले, की हे मान्य करावे? – एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : डाव सोडू नये. आपण उठून गेलात की आपले राज्य संगणक चालवू लागतो, आणि माणसाच्या मानाने तो इतका भाबडा शेजारी असतो की उरलेली शहरेही त्याच मित्राच्या घशात जातात. त्याने आपले जितके नुकसान होईल त्याहून अधिक बाकीच्या खेळाडूंचे होईल, आणि पुढच्या डावात ते आपल्याला ऐकवल्याशिवाय राहणार नाहीत.

मात्र मागितले तसे मान्यही करू नये. जून १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांना २३ किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख द्यावा लागला आणि १२ किल्ले व एक लाख होनांचा मुलूख हाती उरला. शाळेत आपण दिलेल्या किल्ल्यांची संख्या पाठ करतो. पण १६७० पासून गेलेले गड परत घेण्याची जी मोहीम सुरू झाली तिच्या दृष्टीने पाहिले तर राजगडासारखे जे गड हातचे गेले नाहीत तेच महत्त्वाचे ठरले. आपल्या समोरचा पन्हाळाही १६६० मध्ये सोडावा लागला होता आणि १६७३ मध्ये परत आला. आपल्याला दोनच शहरे द्यायची आहेत, तेव्हा ती कोणती हे शेजाऱ्याला ठरवू देऊ नका. सर्वांत अलीकडे वसवलेले, शत्रूच्या मोठ्या शहरांना लागून असलेले आणि निष्ठेच्या नियमाने आज ना उद्या त्याच्याकडे जाणारच असलेले शहर पुढे करा. अन्न आणि खाणी असलेले जुने शहर, लोखंड किंवा घोडे ज्याच्या हद्दीत आहेत ते शहर आणि खिंडीच्या तोंडावरचे शहर या तिन्हींवर घासाघीस करायची वेळ आली तर मोहरा वाढवा, शहर देऊ नका. दोन मागणारा बहुधा एकावर तयार होतो, कारण त्यालाही तिसऱ्याची धास्ती असते. ती त्याला आठवण करून द्यायला संकोचू नका.

पाचशे मोहरा रोख देऊ नका. बारा मोहरांचा हप्ता तीस टर्नपर्यंत देऊ करा, म्हणजे एकूण ३६० होतात. रोख पाचशे आणि हप्त्याने तीनशे साठ यांत तो खळखळ करेल, पण त्याच्या सर्व शहरांनाही या युद्धाने खर्चात घातले आहे आणि दर टर्नला येणारे बारा त्याला हवेच असतात. हप्त्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. तहानंतर दहा टर्न कोणालाही पुन्हा युद्ध पुकारता येत नाही आणि युद्ध पुकारताच चालू असलेले सारे करार रद्द होतात. अकराव्या टर्नला त्याने हल्ला केला तर त्याला १२० मिळालेले असतील आणि येणे असलेले २४० तो स्वतःच्या हाताने बुडवील. रोख घेतलेल्या माणसाला असे बुडवण्यासारखे काही नसते.

रोख न दिल्यामुळे तिजोरीत जे उरेल त्यातून तहाच्या पहिल्याच टर्नला बिल्डर विकत घ्या. उद्यमनगरच्या वाचकांसाठी मांडलेला हिशेब आपल्यालाही जवळपास तसाच लागू पडावा, म्हणजे आठव्या टर्नपर्यंत खाणी चालू होतील आणि दहाव्या टर्नला, तहाची मुदत संपते त्याच टर्नला, घोडदळाची पहिली तुकडी वेशीवर उभी असेल.